शून्यापाशी थांबणारे सर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. देशातल्या गुन्ह्यांचं जे जाडजूड पुस्तक दरवर्षी दिल्लीहून निघतं, त्यात एका जुन्या वर्षीची एक बेरीज एकाने कमी आहे. ती माझ्यामुळे कमी आहे. चुकून झालं असं म्हणायची सोय पहिले आठ दिवस होती. त्यानंतर ती सोयही राहिली नाही.

हे सांगायचं तर आधी सरांबद्दल सांगावं लागेल. ते नसते तर मी हे केव्हाच विसरलो असतो आणि सुखाने निवृत्तीची वाट बघत बसलो असतो.

सर आमच्या विभागाचे प्रमुख. चेन्नईतली आमची कचेरी समुद्रापासून फार लांब नाही. कपाटांच्या कड्या खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या, आणि त्या कपाटांत राज्यभरच्या पोलीस ठाण्यांचे तक्ते. ठाण्यातला लिहिणारा हवालदार, ज्याला इकडे रायटर म्हणतात, तो महिन्याचा तक्ता भरणार. तो जिल्ह्याला जाणार, जिल्ह्याकडून आमच्याकडे येणार, आमच्याकडून दिल्लीला. मग पुस्तक निघणार, वर्तमानपत्रवाले आपलं राज्य कितवं ते छापणार, विधानसभेत दोन दिवस आरडाओरडा होणार, आणि आम्ही पुढच्या वर्षाचे तक्ते उघडणार. माझी सगळी नोकरी ही अशी गेली.

सर तंजावरकडच्या मराठी घरातले. माझे वडील सोलापूरहून नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. कचेरीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. पण त्यांचं मराठी ऐकलं की मला सुरुवातीला वाटे, कुणी तरी जुनी पोथी तमिळच्या चालीवर म्हणतंय. ‘आहे’ला ‘अहे’, ‘आता’ला ‘अत्तां’, आणि मध्येच एखादा ‘सरि’, म्हणजे ‘बरं’. मला ते ‘तंबी’ म्हणत, धाकट्या भावाला म्हणतात तसं. मी पन्नाशीकडे झुकलो तरी तंबीच होतो.

गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर काळी उभी रेघ, आणि टेबलाखाली नीट काढून ठेवलेल्या चपला. चपला रोज निघत नसत. अपघाती मृत्यू, अनोळखी प्रेतं असे तक्ते वाचायचे असले तरच. आमच्याकडे विजया अक्का नावाच्या टायपिस्ट होत्या, त्यांची जीभ तिखट. त्या म्हणायच्या, “आज सरांनी चपला काढल्यात, म्हणजे आज जेवण हलकं घ्या रे.”

वाचन दुपारी साडेतीनला. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने आकडा वाचायचा, दुसऱ्याने टंकलेल्या तक्त्यावर बरोबरची खूण करायची, ही जुनी पद्धत. संगणक आल्यावर सगळीकडे ती बंद झाली, सरांनी ती सोडली नाही. वाचायचे ते, उभं राहून. खुणा माझ्या. इथपर्यंत विक्षिप्त काही नाही. विक्षिप्त होतं ते त्यांचं थांबणं. प्रत्येक आकड्यानंतर ते थांबत. मोठा आकडा असला तर अगदी थोडं. ‘एक’ असला तर एक श्वासभर. आणि शून्य आलं की बराच वेळ, मान थोडी तिरकी करून, डोळे मिटून.

नवीन होतो तेव्हा मी एकदा विचारलं, “सर, शून्यापाशी कशाला थांबायचं? तिथे तर काहीच नाही.”

“कोणाचें दार वाजवलं आणि आंत माणूस असला, तर लगेच उघडतें,” ते म्हणाले. “कोणी नसला तर? तर जास्त थांबावें लागतें, तंबी. नाही म्हणून परत फिरायचें, तर नीट ऐकून फिरावें.”

विजया अक्का टंकायचं थांबवून म्हणाल्या, “अय्यो, तुमचे सर आकड्यांना ताप आलाय का बघतात.” सगळे हसले. सरही हसले. पण त्यानंतर माझं खुणा करणं बदललं. त्या थांबण्यात पंख्याची कुरकुर ऐकू यायची, खालच्या रस्त्यावरच्या बसचा हॉर्न, आणि कधी कधी काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ कधी कधी फार जवळून आल्यासारखं वाटे. मी मान वर करत नसे.

‘फक्त’ हा शब्द त्यांना चालत नसे. “यंदा त्या जिल्ह्यात फक्त दोन खून,” असं कुणी म्हटलं की ते हातातलं काम ठेवून म्हणायचे, “परत बोला. फक्त वगळून बोला.” मग सरांच्याही वरच्या साहेबांच्या मर्जीतला अधिकारी असला तरी त्याला पुन्हा बोलावं लागे: दोन खून.

आमच्या मोजण्याचा एक नियम आहे, तो बाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. एकाच प्रकरणात चोरी झाली, मारहाण झाली आणि खूनही झाला, तर तक्त्यात मोजायचा तो फक्त सगळ्यांत गंभीर गुन्हा, म्हणजे खून. बाकीचे दोन त्याच्या पोटात. नवीन मुलांना हे शिकवताना सर शेवटी म्हणत, “पोटांत गेलेले बाहेर येत नाहीत. पण ते अहेत, हें लक्षांत ठेवा.” एखादी मुलगी घाबरून माझ्याकडे बघायची. मी तिला खुणेने सांगायचो, लिहू नको, परीक्षेत येत नाही.

आणि त्यांचा सगळ्यांत कडक नियम रिकाम्या चौकटीचा. शून्य म्हणजे ठाण्याने कळवलं की काही घडलं नाही. रिकामं म्हणजे ठाण्याने काही कळवलंच नाही. दोन्ही एक नव्हेत. रिकाम्या जागी आडवी रेघ मारायची आणि खाली तळटीप द्यायची: माहिती आली नाही. शंका आली की ते सरळ ठाण्यात फोन लावत. “वणक्कम. तुमचें शून्य अहे की रिकामं अहे?” असं ते मनात मराठीत जुळवून मग तमिळमध्ये विचारत असावेत, कारण पलीकडचा रायटर हमखास गोंधळायचा. राज्यात जिथे जिथे ठाणं, तिथे तिथे सरांना वेडं समजणारा एक तरी रायटर होता.

आता माझं शून्य.

त्या वर्षी आकडे पाठवायची पद्धत बदलली. कागद गेले, संगणकावरचा फॉर्म आला. त्यात आडवी रेघ चालत नसे, फक्त आकडा. चौकट रिकामी ठेवली की ती लाल व्हायची आणि एक लाल चौकट असली तरी सबंध राज्याचा फॉर्म पुढे जात नसे. शेवटच्या दिवशी सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. दिल्लीहून दोनदा फोन येऊन गेला होता, साहेब दाराशी उभे होते, आणि एक चौकट लाल होती. पश्चिमेकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यातलं एक ठाणं, त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या ठाण्याचा बेपत्ता स्त्रियांचा तक्ता आलाच नव्हता. रायटरची बदली झालेली, फोन कुणी उचलेना.

“अरे, आधीच्या महिन्यांत काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“शून्य, साहेब.”

“मग?”

मी शून्य टाकलं. चौकट हिरवी झाली. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि कॉफी मागवली. ती कॉफी चांगली होती, हेही मला आठवतं.

आठ दिवसांनी टपालाने तो तक्ता आला. रायटरने बदलीवर जाण्याआधी भरून ठेवलेला, कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलेला. त्यात एक होता. बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात: वसतिगृहातून बेपत्ता, वय एकोणीस, आईला पावती दिली आहे, गुन्हा नोंदवायचा आहे.

पावतीचं समजावून सांगतो. तक्रार घेऊन गेलं की ठाण्यात तुम्हाला एक पावती मिळते. ती पावती म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्हा नोंदला गेला तरच माणूस आकड्यांत येतो, नाही तर तो आपल्या हातातल्या पावतीवरच राहतो. या रायटरने मुलीला मोजलं होतं, नोंदणी नव्या माणसावर सोडली होती. नव्या माणसाने केली नाही.

दुरुस्तीची सोय होती. शुद्धिपत्र नावाचा एक कागद असतो. त्यावर कारण लिहायचं, सही करायची, साहेबांमार्फत दिल्लीला पाठवायचं. कारण काय लिहिणार? माहिती नसताना मी शून्य भरलं. माझी बढती त्या महिन्यात ठरणार होती. मी तो तक्ता घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. एवढंच. मला कुणी धमकावलं नाही, कुणी लाच दिली नाही. एवढंच झालं.

पुस्तक निघाल्यावर सर आमच्या राज्याचे छापील ठाणेवार आकडेही वाचून घेत. ऑपरेशननंतरचा नवा चष्मा लावून ते उभे राहिले, साडेतीन वाजता. त्या ठाण्याच्या ओळीवर आले. “बेपत्ता स्त्रिया, शून्य,” म्हणाले आणि थांबले.

थांबलेच.

मी खूण करून बसलो होतो. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. रस्ता जणू गावाबाहेर गेला होता. विजया अक्कांची बोटं टंकयंत्रावर तशीच. मला माझ्या ड्रॉवरच्या आत काही तरी सरकल्यासारखं वाटलं. उंदीर असेल, कागद असेल. मी मांडीने ड्रॉवर घट्ट दाबून धरला, हे मला नंतर मांडीवरच्या वळावरून कळलं.

सर डोळे न उघडता म्हणाले, “तंबी, आंत कोणी अहे.”

“नाही सर,” मी म्हणालो. “शून्यच आहे.”

त्या दुपारी त्यांनी ठाण्यात फोन लावला, तिथून बदली झालेल्या रायटरचा नंबर काढला आणि त्यालाही लावला. हे मला विजया अक्कांनी सांगितलं. संध्याकाळी निघताना सर माझ्या टेबलाशी आले. “त्या ठाण्याचा कागद नंतर आला होता काय?”

“नाही सर.”

“सरि,” ते म्हणाले, आणि छत्री घेऊन निघून गेले. कागदाशिवाय आकडा हलत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पुन्हा त्यांनी कधीही विचारलं नाही. एकदा जरी विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही.

वर्षभराने त्या मुलीच्या आईचा माहिती अधिकाराचा अर्ज आला. ठाण्यातल्या नव्या इन्स्पेक्टरने तिला सांगितलं होतं की त्या वर्षी आमच्या हद्दीतून एकही बाई बेपत्ता नाही, छापील आकडे बघा. म्हणजे उलटंच झालं होतं. ठाण्यावरून आकडे निघायचे, इथे आकड्यांवरून ठाणं बोलत होतं. अर्जाचं उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: सदर कालावधीत सदर ठाण्यात बेपत्ता स्त्रिया, शून्य. खाली साहेबांची सही घेतली. तिने मुलीच्या शोधासाठी कोर्टात याचिका केली तेव्हा ते उत्तर तिथेही दाखवलं गेलं, आणि याचिका फेटाळली गेली.

मग ती स्वतः आली. कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासणारी बाई, हाताची बोटं पाण्याने पांढरी पडलेली. पावती तिने प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणली होती, लोक देवाचा फोटो करून घेतात तशी. मोठ्या साहेबांनी भेट नाकारली, म्हणून ती आमच्या खोलीत, सरांसमोर. सरांनी उठून तिला आपली खुर्ची दिली.

“अय्या, मी शिकलेली नाही,” ती तमिळमध्ये म्हणाली. “पण मला मुलगी एक. एक म्हणजे किती, ते मला कळतं. हे लोक म्हणतात ती शून्य. तुम्ही मोजणारे ना? तुम्ही सांगा.”

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसते थांबले, शून्यापाशी थांबत तसे. त्या थांबण्यात मी एवढं बोलायला हवं होतं: अम्मा, कागद माझ्याकडे आहे. ड्रॉवर तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होता. मी फाइल चाळत राहिलो.

“आम्ही आलेलें मोजतो, अम्मा,” सर शेवटी तिला तिच्या भाषेत म्हणाले. “आमच्यापर्यंत आलं नाही.”

त्यांच्या तोंडून मी खोटं वदवून घेतलं, हे माझ्या हिशेबी चौथं.

निवृत्त झाल्यावर सर टी. नगरमध्ये राहत, साड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, एकटेच. मी कधी तरी जात असे. ते कॉफी करत, आम्ही पावसापाण्याचं बोलत. एका वर्षी पितृपक्षाच्या अमावास्येला त्यांचा फोन आला: “तंबी, कोवलमला येतोस?”

चेन्नईच्या दक्षिणेला किनाऱ्यावरचं ते कोळ्यांचं गाव; सकाळच्या बसने गेलो. किनाऱ्यावर बोटी ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली, मासळीच्या टोपल्यांभोवती बायका. सर ओल्या धोतराने गुडघाभर पाण्यात उभे राहिले, जवळ तांब्याचं भांडं, कागदाच्या पुडीत तीळ. आधी घरच्यांचं तर्पण झालं. मग त्यांनी कमरेतून एक चिठ्ठी काढली. आपल्याकडे तर्पणात ज्यांना मागे कुणीच नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ असते. सर एका ओंजळीवर भागवत नव्हते. त्या चिठ्ठीवर राज्यातल्या अनोळखी प्रेतांचा त्या वर्षीचा आकडा होता. एक ओंजळ, एक माणूस. मोजत, थांबत.

ऊन चढलं. एक कोळीण बराच वेळ बघत होती, ती ओरडली, “अय्या, एवढे बापजादे? कुठल्या राजाच्या घरचे तुम्ही?”

“माझे कोणीच नव्हेत, अम्मा,” सर म्हणाले.

ती हसली नाही. टोपली उचलून ती थोडी लांब जाऊन बसली, आणि शेजारणीलाही तिने हाताने मागे ओढलं.

चिठ्ठीवरचा आकडा त्या सकाळी काही पुरा झाला नाही. ते दर अमावास्येला थोडा थोडा पुरा करत, असं मला तेव्हा कळलं. थकले तेव्हा त्यांनी शेवटची एक ओंजळ भरली, तीळ टाकले, आणि ती सोडलीच नाही. हात तसेच पुढे. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकत होतं.

“ही सोडतां येत नाही,” ते म्हणाले. “सोडली तर ती मेली म्हणून सोडायची. मेली हें कोठें ठाऊक अहे? आणि धरून ठेवावी, तर हात रिकामा होतोच अहे.”

मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. कुणाची, असं विचारलं नाही.

“तूं धर, तंबी.”

मी ओंजळ पुढे केली. त्यांनी त्यांची माझ्यात ओतली. पाणी थंड होतं, समुद्राचं असून थंड. मीही सोडू शकलो नाही. उभा राहिलो, आणि बघता बघता ते सगळं गळून गेलं. तळव्यावर काळे तीळ तेवढे चिकटून राहिले. परतीच्या बसमध्ये ते मी रुमालाने पुसले. घरी आल्यावर नखात एक सापडला.

सर गेले त्याला दोन वर्षं झाली. तेराव्यानंतर त्यांच्या पुतण्याने मला एक पाकीट आणून दिलं, वर फक्त ‘तंबी’ लिहिलेलं. आत एक शुद्धिपत्र होतं. वर्ष, जिल्हा, ठाणं, तक्ता, ओळ, सगळं त्यांच्या अक्षरात भरलेलं. छापील आकडा: शून्य. कारणाची जागा कोरी होती, सहीची कोरी होती, आणि ‘योग्य आकडा’ या चौकटीत त्यांनी काही लिहिलं नव्हतं. शून्य नाही. रिकामी.

बढती झाली तेव्हा मी तो रायटरचा तक्ता ड्रॉवरमधून घरी आणला होता. आता दोन्ही कागद घरच्या कपाटात एकावर एक आहेत. सुट्टीच्या दिवशी दुपारी घरात कुणी नसलं की साडेतीनच्या सुमाराला मी कपाटापाशी जाऊन उभा राहतो. दार उघडत नाही. थांबतो. शेजारच्या घरचा मिक्सर बंद होतो, खालचा भाजीवाला गप्प होतो, आणि आतल्या बाजूने कुणी तरी माझ्याइतकंच थांबलेलं असतं.

तिचा पत्ता अर्जावर होता, तो मला पाठ आहे. चौकशी केली. ती तिथेच राहते, त्याच कँटीनमध्ये जाते.

तिला मी तो तक्ता, ते शुद्धिपत्र, चौकटीत लिहिलेला एक आणि त्याखाली माझी सही देणं लागतो. अजून दिलेलं नाही.